हेडफोन अ‍ॅम्प घ्यायचा, की कॉम्प्युटरचा जॅकच पुरे? आधी मोजा, मग पाकीट काढा

हेडफोनसाठीचा वेगळा अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारा डबा) तीन दुखण्यांवर चालतो. एक, आवाज पुरेसा वर जात नाही. दोन, गाण्याच्या मागे खरखर किंवा गुणगुण ऐकू येते. तीन, जॅकच्या आउटपुट इम्पिडन्समुळे (जॅकच्या स्वतःच्या विद्युत अडथळ्यामुळे) हेडफोनचा तोल बिघडतो. यांपैकी काहीच होत नसेल तर अ‍ॅम्पचे पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाला, फरक तिथे कितीतरी जास्त दिसेल. आणि हेडफोन ब्लूटूथवर चालवत असाल तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल. वायरलेस हेडफोनच्या पोटात स्वतःचा डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत सिग्नल करणारी चिप) आणि अ‍ॅम्प असतो, बाहेरच्या अ‍ॅम्पचा त्याच्याशी संबंधच येत नाही.

कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा रिअलटेकची एक कोडेक चिप असते. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एएलसी ८९७ किंवा एएलसी १२२०, लॅपटॉपमध्ये एएलसी २५६ च्या घराण्यातली एखादी. डॅक, माइकची बाजू आणि छोटा अ‍ॅम्प, सगळं त्या एकाच चिपमध्ये. चिप स्वतः वाईट नसते. १२२० च्या कागदावर १२० डेसिबलचा सिग्नल-टू-नॉइज (गाणं खरखरीहून किती वर आहे तो) आकडा आहे आणि गाणी ऐकायला तो भरपूर झाला. घोटाळा होतो तो चिपपासून जॅकपर्यंतच्या वाटेवर. ग्राफिक्स कार्डाशेजारून जाणारी वायर, मध्ये घातलेले रेझिस्टर, आणि चिपला ज्या सप्लायवर जगावं लागतं तो सप्लाय. म्हणून डब्यावरचा चिपचा नंबर वाचून निर्णय घेऊ नका.

किती व्होल्ट लागतात, ते काढा

हेडफोनच्या डब्यावर दोन आकडे शोधा: इम्पिडन्स ओहममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला किती मोठा आवाज निघतो ती) डेसिबलमध्ये. सेन्सिटिव्हिटी एक मिलिवॅटला दिली आहे की एक व्होल्टला, हे नीट बघा. निम्मे गोंधळ इथेच होतात. ३२ ओहमच्या हेडफोनला या दोन आकड्यांत १५ डेसिबलचा फरक पडतो, २५० ओहमला ६ चा, ६०० ओहमला जेमतेम २ चा. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना एकक वेगळं असेल तर तुलना फुकट जाते.

आता लक्ष्य ठरवा. गाण्याची सरासरी ८० डेसिबलच्या आसपास आणि वरची टोकं ११० पर्यंत धरली की बहुतेक संगीताला पुरतं. हिशोब असा:

११० मधून मिलिवॅटची सेन्सिटिव्हिटी वजा करा. एक मिलिवॅटपासून सुरू करा: दर १० डेसिबलला पॉवर दहापट, दर ३ डेसिबलला दुप्पट. आलेले मिलिवॅट १००० ने भागून वॅट करा, ओहमने गुणा, वर्गमूळ काढा. हे लागणारे व्होल्ट.

बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा: सेन्सिटिव्हिटी ९६. फरक १४ डेसिबल, म्हणजे २५ मिलिवॅट. ०.०२५ गुणिले २५० म्हणजे ६.२५, वर्गमूळ २.५ व्होल्ट. करंट फक्त १० मिलिअ‍ॅम्पिअर.

ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स: ३८ ओहम, ९९ डेसिबल. साडेबारा मिलिवॅट, ०.७ व्होल्ट. कुठलाही धड लॅपटॉप हे देतो.

साधे कानात घालायचे इअरफोन, १६ ओहम, ११० डेसिबल: एक मिलिवॅट, ०.१३ व्होल्ट. यांना अ‍ॅम्प लावणं म्हणजे निरांजन विझवायला बंब बोलावणं.

आणि दुसऱ्या टोकाला हायफायमॅनचा जुना एचई-६, प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन: ५० ओहम, ८३.५ डेसिबल. जवळपास ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट, ९५ मिलिअ‍ॅम्पिअर. इथे लॅपटॉपचा जॅक हात टेकतो आणि यूएसबीत खोचायचा छोटा डोंगलही.

यातून एक गोष्ट दिसते. ‘जास्त ओहम म्हणजे चालवायला अवघड’ हे अर्धंच खरं आहे. २५० ओहमच्या डीटीला व्होल्ट हवेत, करंट जवळजवळ नको. ५० ओहमच्या प्लॅनरला दोन्ही हवेत. ‘६०० ओहमपर्यंत चालतो’ असं मदरबोर्डच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, त्यावरून किती व्होल्ट मिळतात ते कळत नाही. व्होल्ट लिहिले असतील तरच तो आकडा कामाचा.

कॉम्प्युटरकडे किती असतात? लॅपटॉपचा जॅक साधारण एका व्होल्टच्या आसपास, मदरबोर्डचा मागचा हिरवा जॅक एक ते दोन. २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोची गोष्ट वेगळी: हेडफोन लावताच इम्पिडन्स ओळखून १५० ओहमखाली १.२५ व्होल्टपर्यंत आणि त्याच्या वर एक किलोओहमपर्यंत ३ व्होल्टपर्यंत देतो. अशा मॅकवर डीटी ७७० साठी अ‍ॅम्प घेणं म्हणजे निव्वळ हौस.

एक व्होल्टच्या लॅपटॉपवर हाच डीटी १०२ डेसिबलची टोकं गाठतो. आजच्या सिनेसंगीताला, जे आधीच दाबून मोठं केलेलं असतं, ते पुरतं. पण जुन्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आलाप फार हळू रेकॉर्ड केलेला असतो, तिथे नॉब शेवटापर्यंत नेऊनही तंबोरा कमीच वाटतो. रोज असंच संगीत ऐकणाऱ्यांनी हिशोबात १० डेसिबल वाढवून धरावेत.

आउटपुट इम्पिडन्स मोजायची घरगुती रीत

सगळ्यात दुर्लक्षित आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. अनेक मदरबोर्ड जॅकच्या आधी ७५ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर घालतात. स्पीकरला जोडायच्या लाइन-आउटला तो चालतो. हेडफोन लावला की व्होल्टेजची वाटणी होते, आणि हेडफोनचं इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखं नसल्यामुळे ही वाटणीही प्रत्येक सुराला वेगळी होते.

सेनहायझर एचडी ६०० घ्या. नावाला ३०० ओहम, पण बासच्या भागात ५०० च्या आसपास चढतो. ७५ ओहमच्या जॅकवर मधले सूर सुमारे १.९ डेसिबलने खाली येतात आणि बास १.२ ने. म्हणजे बास पाऊण डेसिबल फुगला. लक्षात येईल न येईल इतकंच. आता अनेक आर्मेचरवाला (आत आवाज काढणारे अनेक छोटे भाग असलेला) इअरफोन घ्या, ज्याचं इम्पिडन्स कुठे २० तर कुठे ६ ओहम आहे. जॅक फक्त १० ओहमचा असला तरी या दोन भागांत ५ डेसिबलची दरी पडते. हा वेगळाच इअरफोन झाला. एक ओहमच्या डोंगलवर तीच दरी एका डेसिबलच्या आत राहते. म्हणून नियम: जॅकचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमला ४, १६ ओहमला २.

मोजायला लागतं इतकंच: ३३ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर, ३.५ मिमीची तीन कड्यांची एक जुनी वायर एका टोकाला कापलेली, आणि मल्टिमीटर. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे किरकोळीत मिळतं. मात्र सगळीकडे दिसणारा पिवळा डीटी-८३० मीटर इथे उपयोगाचा नाही. त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते, अर्धा व्होल्ट तो कसा दाखवणार? एसी मिलिव्होल्ट किंवा २ व्होल्टची रेंज असलेला मीटर हवा.

१. हेडफोन काढून ठेवा. हे आधी.
२. मीटरच्या कंटिन्युइटीवर वायरीतलं टोक (डावा चॅनेल) आणि मुळाकडची कडी (ग्राउंड) कोणत्या तारेला जाते ते ओळखा. रंगांवर विसंबू नका.
३. ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ३०० हर्ट्‌झचा साइन टोन बनवा. स्वस्त मीटर साधारण ४० ते ४०० हर्ट्‌झमध्येच खात्रीने मोजतात, म्हणून १ किलोहर्ट्‌झ नको.
४. टोन चालू करून, काहीही न जोडता, डावा आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजा. आवाज असा ठेवा की ०.५०० व्होल्ट यावेत.
५. आवाजाला हात न लावता तिथेच रेझिस्टर जोडा आणि पुन्हा मोजा.

आउटपुट इम्पिडन्स म्हणजे ३३ गुणिले (पहिला आकडा भागिले दुसरा, वजा एक). दुसरा आकडा ०.१५० आला तर ७७ ओहम. ०.४८५ आला तर एक ओहम. वर सांगितलेल्या मॅकबुकवर ही कसोटी फसू शकते, कारण तो लोड बघून व्होल्ट बदलतो.

आकडा मोठा आला तर लगेच खरेदीला धावू नका. रिअलटेकच्या चिपमध्ये हेडफोन अ‍ॅम्प असतो, पण तो जागा करावा लागतो. जॅक लावल्यावर ‘कोणतं उपकरण लावलं’ असं विचारणारी खिडकी उघडते, आपण घाईत ‘स्पीकर’वर टिचकी मारतो आणि ती कायमची बंद करतो. रिअलटेक ऑडिओ कन्सोलमध्ये जाऊन त्या जॅकला ‘हेडफोन’ करा आणि पुन्हा मोजा. पुढचा आणि मागचा, दोन्ही जॅक मोजा. काही बोर्डांवर हेडफोन अ‍ॅम्प पुढच्याच जॅकला दिलेला असतो.

खरखर कुठून येते

कानात घालायचे संवेदनशील इअरफोन लावा, गाणं थांबवा, आणि ऐका.

माउस हलवला किंवा पान सरकवलं की चिरचिर बदलते? ती कॉम्प्युटरच्या आतली आहे. डेस्कटॉपवर पुढच्या पॅनेलची वायर बहुधा ग्राफिक्स कार्डाला चिकटून जाते, मागचा जॅक वापरून बघा. तिथेही असेल तर ऑडिओ कॉम्प्युटरच्या डब्याबाहेर नेणं हाच उपाय, आणि साधा यूएसबी डोंगल ते काम करतो.

एकसारखा ‘स्स’ येतो? आधी माइक आणि लाइन-इन बंद करा. विंडोजमध्ये माइकच्या ‘लिसन’ टॅबवर खूण राहिली असेल तर माइकचा सगळा कचरा हेडफोनमध्ये मिसळतो.

गाणं सुरू होताना ‘टक्’, थांबल्यावर काही सेकंदांनी पुन्हा ‘टक्’? ती चिप झोपते आणि उठते आहे. पॉवर सेव्हिंग बंद केलं की थांबतं.

चार्जर काढला की गुणगुण थांबते? मग दोष अर्थिंगकडे आहे. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेन्सच्या बाजूकडून आउटपुटकडे एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित करंट गळतो. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना ज्या मुंग्या येतात त्या याच. तीन पिनांचा चार्जर असेल तर प्लगमधली अर्थ पिन खरोखर जोडलेली आहे का ते बघावं लागेल. जुन्या चाळी-वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे तार नसते. वायरमनला बोलावून मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. हे स्वतः करू नका, आणि गुणगुण घालवायला अर्थची पिन तोडणं तर कधीच नको.

अ‍ॅम्प आल्यावर नवी गुणगुण सुरू झाली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे जमिनीला जायच्या दोन वाटांचं वेटोळं. यूएसबीवरच चालणाऱ्या डॅक-अ‍ॅम्पला तो सहसा होत नाही, कारण जमिनीला जायची दुसरी वाटच नसते. डॅक कॉम्प्युटरवर आणि अ‍ॅम्प अर्थिंगच्या स्वतंत्र प्लगवर असेल तेव्हा तो होतो. आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. नाही गेला तर ऑप्टिकल केबल वापरा, काचेतून किंवा प्लास्टिकमधून करंट जात नाही. यूएसबी आयसोलेटर घेताना वेग बघा: स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचे असतात, त्यांवर हाय-स्पीड डॅक अडखळतो किंवा दिसतच नाही.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात एका कानात आवाज येणं-जाणं हे बहुतेक वेळा जॅकवर चढलेल्या गंजाचं काम असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने प्लग पुसा, जॅकमध्ये पाच-सहा वेळा घालून काढा. अ‍ॅम्प बदलून हे जात नाही.

मग घ्यायचं काय

एक व्होल्टच्या आत काम भागणारा हेडफोन आणि तक्रार फक्त खरखरीची किंवा इम्पिडन्सची: साधा यूएसबी-सी डोंगल. अ‍ॅपलचा छोटा डोंगल सुमारे एक ओहम आणि एक व्होल्टचा आहे, पण युरोपात विकली जाणारी आवृत्ती अर्ध्या व्होल्टची असते. कोणी तिकडून आणून देत असेल तर हे विचारा.

दोन-अडीच व्होल्ट हवेत: सिरस लॉजिकच्या सीएस ४३१३१ सारख्या चिपवरचे डोंगल. हे २ व्होल्ट देतात, म्हणजे डीटी ७७० वर १०८ डेसिबल. असे दोन चिप असलेले ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड (दोन्ही चॅनेलच्या तारा वेगळ्या ठेवणाऱ्या) जॅकवर साधारण ४ व्होल्ट देतात. हे जास्त व्होल्ट एवढाच बॅलन्स्डचा ठोस फायदा. ‘आवाज मोकळा होतो’ वगैरे दुकानदारावर सोडा.

त्याच्या वर, प्लॅनर आणि ६०० ओहमवाल्यांसाठी, मेन्सवर चालणारा टेबलावरचा अ‍ॅम्प. इथे तुमच्या ओहमला किती मिलिवॅट मिळतात तेच वाचा. ‘३२ ओहमला २ वॅट’ हा आकडा ३०० ओहमला काही सांगत नाही.

हौशी लोकांना जोडायचं असेल तर ओ२ आहे. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या डिझायनरने २०११ मध्ये त्याची रचना आणि मोजमापं खुली केली, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही तो चालतो. आउटपुट इम्पिडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास. स्वस्तात चांगला अ‍ॅम्प होऊ शकतो हे त्याने मोजून दाखवलं, आणि महागड्या डब्यांची बरीच हवा काढली.

गेम खेळणाऱ्यांनी एक बघावं: बहुतेक डॅक-अ‍ॅम्पना माइकचा जॅक नसतो. चार कड्यांच्या हेडसेटला स्प्लिटर लावून माइक मदरबोर्डच्या गुलाबी जॅकमध्येच ठेवावा लागेल.

जोडताना

डॅक नसलेला नुसता अ‍ॅम्प असेल तर ३.५ मिमी ते दोन आरसीए केबलने मागच्या हिरव्या जॅकला जोडा. कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण किंवा त्याहून किंचित खाली ठेवा, बाकी काम अ‍ॅम्पच्या नॉबला करू द्या. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते बटण) ‘लो’वर सुरू करा. नऊच्या काट्यापाशीच आवाज असह्य होत असेल तर गेन जास्त आहे. स्वस्त नॉबचे दोन्ही चॅनेल तळाशी जुळत नाहीत, म्हणून तिथे गाणं एका कानाकडे झुकतं. तेवढ्यासाठी नवा अ‍ॅम्प घेऊ नका, कॉम्प्युटरवर आवाज थोडा उतरवा आणि नॉब वर न्या. चोवीस बिटला याने काही बिघडत नाही.

विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंग्जमधून त्या उपकरणाचं ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा आणि फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्‌झ ठेवा. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओचा दुसरा वर्ग (‘यूएसबी ऑडिओ क्लास २’ हे मानक) मुळातच चालतो, त्यामुळे ड्रायव्हरची सीडी शोधत बसू नका. मॅकवर हेच ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये. लिनक्सवर आवाज विनाकारण कमी वाटला तर अल्सामिक्सर उघडून ‘हेडफोन’ आणि ‘मास्टर’ दोन्ही पट्ट्या वर आहेत का ते बघा.

अ‍ॅम्प चालू करा, दोन सेकंद थांबा, मग हेडफोन लावा. बंद करताना आधी हेडफोन काढा. चालू होतानाचा धक्का नाजूक इअरफोनला सोसत नाही.

बॅलन्स्ड जॅकमधून साध्या ३.५ मिमीवर उतरवणारा अ‍ॅडाप्टर कधीही वापरू नका. बॅलन्स्डमध्ये दोन्ही चॅनेलच्या ऋण तारांवरही सिग्नल असतो, असा अ‍ॅडाप्टर त्या एकत्र बांधतो आणि अ‍ॅम्प स्वतःलाच शॉर्ट करतो. उलट बाजू, म्हणजे बॅलन्स्ड वायरीचा हेडफोन साध्या जॅकवर, सुरक्षित आहे.

खरंच फरक पडला का

थोडा जरी मोठा असला तरी तोच आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्ही बाजूंचा आवाज मीटरवर जुळवा. स्प्लिटर लावून, हेडफोन जोडलेलाच ठेवून (डोक्यावर नव्हे), ३०० हर्ट्‌झच्या टोनवर व्होल्ट वाचा. एक टक्क्याच्या आत आले की ०.१ डेसिबलच्या आत आलात. मग घरातल्या कोणाला तरी तुमच्या नकळत प्लग बदलायला सांगा आणि दहा वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता साधारण एक टक्का, आठ किंवा जास्त यायची साडेपाच टक्के. सहा-सात आले तर परतीची मुदत संपायच्या आत डबा परत पाठवा.

आणि अ‍ॅम्प ठेवलात तर नॉबवर पेन्सिलने एक खूण करा. सरासरी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ ला आठवड्याचे पाच तास. ताकदवान अ‍ॅम्पवर ८० आणि ८९ यांच्यामध्ये नॉब फारच थोडा फिरतो.